झडप बसली, आकडा कोण सांभाळणार?

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असे संपादक मंडळाचे पत्र आले तेव्हा ‘हृदयविकार आणि आहार’ यासारखा एखादा सर्वोपयोगी विषय निवडून मोकळे व्हावे, असा मोह झाला होता. तसले लेख आपण सर्वांनीच कधी ना कधी लिहिले आहेत. ते कोणी वाचल्याचे मात्र सहसा आढळत नाही. परंतु माझ्या टेबलाच्या खणात गेली काही वर्षे जपून ठेवलेला प्रयोगशाळेचा एक कागद मला दुसरे काही लिहू देईना.

कागद साधाच आहे. तपासणी : प्रोथ्रॉम्बिन टाइम. आयएनआर : २.९. शेजारच्या रकान्यात सामान्य मर्यादा : ०.८ ते १.२. मर्यादेबाहेरचे सर्व आकडे यंत्र ठळक छापते, त्याप्रमाणे २.९ हा आकडा ठळक छापलेला, आणि त्यापुढे वर जाणारा बाण.

ज्या रुग्णाचा हा कागद, ती पैनगंगेकाठच्या एका खेड्यातील अठ्ठावीस वर्षांची सून होती. लहानपणीच्या सांधेतापाने हृदयाची डावीकडची झडप निकामी झालेली. हैदराबादेस शस्त्रक्रिया होऊन तेथे धातूची झडप बसविण्यात आली होती आणि रोज रात्री एक गोळी जन्मभर घ्यावयाची होती. अशा झडपेच्या रुग्णाचा आयएनआर २.५ ते ३.५ यांच्या दरम्यान असावा लागतो. म्हणजे २.९ हा आकडा तिच्यासाठी अगदी हवा तसा, नेमका मधला होता. परंतु घरातल्या दहावी शिकलेल्या पुतण्याने ठळक अक्षर पाहिले, बाण पाहिला. गावातल्या आरएमपीने कागद पाहून ‘रक्त फारच पातळ झाले, गोळी थांबवा’ असा सल्ला दिला. कापसाच्या वेचणीचे दिवस. वेचणी आटोपली की डॉक्टरांकडे जाऊ, असे ठरले. बाराव्या दिवशी तिला धाप लागलेल्या अवस्थेत माझ्याकडे आणले. धातूच्या झडपेचा टिकटिक आवाज शांत रात्री शेजारी निजलेल्या माणसालासुद्धा ऐकू येतो. तो आवाज स्टेथोस्कोप लावूनही जेमतेम ऐकू येत होता. झडप गुठळीने अडली होती. रुग्णवाहिकेने हैदराबादेकडे रवाना केले. निर्मल ओलांडून गाडी थोडी पुढे गेली असेल, तेवढ्यात सारे संपले.

पंधरा दिवसांनी तिचा नवरा हा कागद घेऊन आला. तक्रार करण्यासाठी नव्हे. त्याने एवढेच विचारले, ‘डॉक्टरसाहेब, आकडा जास्तच होता ना?’

या प्रकरणात दोष कोणाचा, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. प्रयोगशाळेने आकडा बरोबर काढला होता. जी मर्यादा छापली तीही, ही गोळी न घेणाऱ्या माणसासाठी, बरोबरच होती. आरएमपीला दोष देणे आपल्याला फार सोपे जाते. पण त्याच्या हातात जो कागद होता त्यावरून दुसरा निष्कर्ष कोणी काढला असता? त्या कागदावर, किंवा मी दिलेल्या चिठ्ठीवर, ‘या रुग्णाचा आयएनआर २.५ ते ३.५ असावा’ हे एक वाक्य कोठेही नव्हते. गोळीचे नाव मी लिहिले होते, मात्रा लिहिली होती, ‘महिन्याने तपासणी’ हेही लिहिले होते. ते एक वाक्य लिहिले नव्हते. तेव्हापासून मी ते लिहितो.

आपल्या भाषेने यात आणखी एक अडचण करून ठेवली आहे. या औषधांना आपण सरसकट ‘रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या’ म्हणतो. आपले तेलुगू बांधवही याच अर्थाचा शब्द वापरतात. वस्तुतः या गोळ्यांनी रक्त तसूभरही पातळ होत नाही. यकृत के जीवनसत्त्वाच्या साहाय्याने रक्त गोठविणारे काही घटक तयार करते. वॉरफरिन किंवा असिनोकुमॅरॉल त्या कामात अडथळा आणते आणि गोठण्याची क्रिया मंदावते, इतकेच. पण आपल्याकडे ‘पातळ’ या शब्दाचे दुधाशी आणि वरणाशी नाते आहे. पातळ म्हणजे कसहीन. त्यामुळे नांगरणी-पेरणीच्या दिवसांत अंगात ताकद हवी म्हणून गोळी बंद करणारे आणि रक्तवाढीचे टॉनिक सुरू करणारे शेतकरी मी पाहिले आहेत. त्यांना अडाणी म्हणण्यात अर्थ नाही. शब्द आपण दिला. त्यांनी त्याचा सरळ अर्थ घेतला. ‘गुठळी रोखणारी गोळी’ असे म्हणण्यास आपणास काय हरकत आहे?

रक्त गोठत नाही, हे या औषधाच्या इतिहासात प्रथम पाहिले तेही शेतकऱ्यांनीच. अमेरिकेत आणि कॅनडात १९२० च्या दशकात ओलसर, बुरसलेला क्लोव्हरचा चारा खाऊन गुरे अंगातल्या अंगात रक्तस्राव होऊन मरू लागली. १९३३ साली विस्कॉन्सिनमधील एक शेतकरी भर हिमवादळात मेलेली कालवड, तो चारा आणि न गोठणाऱ्या रक्ताने भरलेला दुधाचा कॅन घेऊन विद्यापीठातील कार्ल पॉल लिंक या रसायनशास्त्रज्ञापर्यंत पोहोचला. पुढे काही वर्षांनी त्या चाऱ्यातून डायकुमॅरॉल वेगळे काढण्यात आले. त्याच्याच कुळातील वॉरफरिन १९४८ मध्ये उंदीर मारण्याचे विष म्हणून बाजारात आले आणि १९५४ मध्ये माणसासाठी औषध म्हणून मान्य झाले. पुढच्याच वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराच्या झटक्यानंतर तेच देण्यात आले. विष आणि औषध यांत अंतर मात्रेचे, हे आयुर्वेदाने आपल्याला केव्हाच सांगितले आहे. येथे ते अंतर मोजण्याचे साधन म्हणजे ही रक्ततपासणी.

आता या साधनाविषयी थोडे सविस्तर लिहितो. कारण आपल्यापैकी बरेच जण तो आकडा दगडावरची रेघ समजतात.

रुग्णाच्या रक्तद्रवात थ्रॉम्बोप्लास्टिन मिसळून तो किती सेकंदांत गोठतो हे पाहावयाचे, ही पद्धत आर्मांड क्विक यांनी १९३५ मध्ये दिली. परंतु थ्रॉम्बोप्लास्टिन बनविणाऱ्या कंपन्या अनेक, प्रत्येकाची संवेदनशीलता वेगळी. म्हणून एकाच रक्ताचे एका गावात अठरा सेकंद तर दुसऱ्या गावात पंचवीस. हा गोंधळ मिटावा म्हणून १९८३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आयएनआर ही पद्धत स्वीकारली. प्रत्येक डब्यावर त्या थ्रॉम्बोप्लास्टिनचा आयएसआय नावाचा निर्देशांक छापलेला असतो. रुग्णाचे सेकंद भागिले निरोगी माणसांचे सरासरी सेकंद, आणि त्या भागाकाराचा आयएसआय इतका घात, म्हणजे आयएनआर. समजा, रुग्णाचे २४ सेकंद आणि निरोगी सरासरी १२. भागाकार २. आयएसआय १ असेल तर आयएनआर २ येतो. आयएसआय दीड असेल तर तोच आकडा २.८ होतो आणि आयएसआय २ असेल तर ४. रक्त तेच, सेकंदही तेच. नवा डबा फोडताना यंत्रात नवा निर्देशांक भरावयाचे राहून गेले, तर रुग्णाच्या अंगात काडीचाही फरक न पडता त्याची मात्रा बदलली जाऊ शकते. आपल्या कितीशा अहवालांवर आयएसआय छापलेला असतो? आपण कधी विचारले आहे?

त्याआधीचा टप्पा नळीचा. निळ्या झाकणाच्या नळीत सायट्रेट एक भाग आणि रक्त नऊ भाग, हे प्रमाण ठरलेले. शिरा सापडत नाही म्हणून अर्धीच नळी भरली, तर सायट्रेट जास्त होऊन रक्त उशिरा गोठते आणि आकडा फुगतो. मंडलाच्या गावाहून नमुना मोटारसायकलच्या डिकीतून किंवा बसच्या ड्रायव्हरच्या हाती शहरात येतो. प्रोथ्रॉम्बिन टाइमसाठीचा नमुना खोलीच्या तापमानात चोवीस तास चालतो, असे पुस्तक सांगते. पण पुस्तक लिहिणाऱ्याने आदिलाबादचा मे महिना पाहिलेला नसतो. बरे, तो फ्रीजमध्ये ठेवावा तर थंडीने सातवा घटक सक्रिय होतो आणि काळ खोटाच कमी दिसतो. फ्रीजमध्ये ठेवले म्हणजे टिकले, हा नियम दह्याला लागू आहे. या नळीला नाही. ही माहिती नमुना घेणाऱ्या तरुण तंत्रज्ञांना कोणी सांगितलेली नसते आणि आपण त्यांच्याशी बसून बोलतोच कधी?

आपल्या जिल्ह्याचे भूगोल-भाग्य या सगळ्यात भर घालते. हैदराबाद सुमारे तीनशे किलोमीटर, नागपूर सुमारे दोनशे. आपले कितीतरी रुग्ण उपचारासाठी पैनगंगा ओलांडून यवतमाळ, सेवाग्राम, नागपूरकडे जातात. शस्त्रक्रिया सरकारी योजनेतून करावयाची असेल तर हैदराबादेकडे. १९५६ साली आपण आंध्र प्रदेशात आलो, २०१४ मध्ये तेलंगणात आणि २०१६ मध्ये जिल्ह्याचेच चार जिल्हे झाले. सरहद्दी बदलल्या तरी रुग्णाची थैली तीच राहिली. त्या थैलीत इंग्रजीतला डिस्चार्ज कागद, तेलुगूतली सूचना, मराठीत कोणीतरी पाठीमागे लिहिलेली मात्रा आणि तीन प्रयोगशाळांचे तीन अहवाल असतात. ‘ही मात्रा कोण ठरवतो?’ असे विचारले की रुग्ण मोठ्या डॉक्टरांचे नाव सांगतो, जे वर्षातून एकदा भेटतात. मधल्या अकरा महिन्यांत तो रुग्ण माझा नसतो, तुमचाही नसतो. आपण त्याचे पडसे-खोकले बघतो आणि गोळीला हात लावत नाही, कारण ‘ती हैदराबादची आहे’.

आणि न लावलेल्या हातानेही घात होतो. अतिसारासाठी मेट्रोनिडॅझोल, लघवीच्या जळजळीसाठी कोट्रायमॉक्झाझोल, नायट्यासाठी फ्लुकोनॅझोल. आपली रोजची, निरुपद्रवी वाटणारी औषधे, पण या गोळीबरोबर आयएनआर झपाट्याने वर नेणारी. क्षयासाठी रिफॅम्पिसिन सुरू केले तर तो तितकाच खाली. गुडघेदुखीवर डायक्लोफिनॅकचे कंबरेत इंजेक्शन, हा तर दुहेरी अपराध : जठरातून रक्तस्रावाचा धोका वेगळा आणि मांसात रक्ताची गाठ वेगळी. एका वृद्ध शेतकऱ्याची मांडी अशी काळीनिळी होऊन कलिंगडाएवढी सुजलेली मी पाहिली आहे. तो वाचला. ते इंजेक्शन माझ्याच दवाखान्यात, मी बाहेरगावी असताना, माझ्याच माणसाने दिले होते, हे येथे नोंदवून ठेवतो.

आहाराबाबत मात्र आपण उगाच घाबरवतो. पालक नको, मेथी नको, अंबाडी तर अजिबात नको, अशी यादी हातात ठेवली की थंडीच्या दिवसांत ज्या घरात पालेभाजी हेच मुख्य कालवण आहे, तेथे रुग्ण एक तर उपाशी राहतो किंवा यादी फेकून देतो. भाजी बंद करावयाची नाही. रोजच्या खाण्यात एकसारखेपणा ठेवावयाचा आणि मात्रा त्या खाण्याला जुळवावयाची. श्रावणातले उपवास, नवरात्र, किंवा आजारपणात चार दिवस पेजेवर राहणे, अशा वेळी आकडा सरकतो. म्हणून तपासणी तेव्हा करावयाची. महिन्याची ठरलेली तारीख ही सोय आहे, व्रत नव्हे.

येथे काही तरुण सहकारी मला थांबवतील. ‘डॉक्टर, आता नव्या गोळ्या आल्या आहेत. त्यांना ही तपासणी लागत नाही, पथ्य लागत नाही. जुन्याचा हा पसारा कशाला?’ प्रश्न योग्य आहे. झडपेचा दोष नसताना हृदयाची लय बिघडलेल्या वृद्धांना, पायाच्या शिरेत गुठळी झालेल्यांना मीही नव्या गोळ्याच देतो आणि समाधानाने देतो. तरी त्यांनाही वर्षातून एकदोनदा मूत्रपिंडाची तपासणी लागतेच, हे विसरू नये. पण धातूच्या झडपेसाठी त्या चालत नाहीत. डॅबिगॅट्रान देऊन पाहण्याचा प्रयोग गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्याने थांबवावा लागला. तो अहवाल २०१३ चा. आणि सांधेतापाने अरुंद झालेल्या झडपेचे काय? त्याचे उत्तर २०२२ मध्ये इन्व्हिक्टस या अभ्यासाने दिले. चोवीस देशांतील साडेचार हजारांहून अधिक रुग्ण, सांधेतापाचा हृदयविकार आणि बिघडलेली लय असलेले. अर्ध्यांना रिव्हरॉक्सॅबॅन, अर्ध्यांना जुनी गोळी. तेव्हा दिल्लीच्या एम्समध्ये असलेले डॉ. गणेशन कार्तिकेयन हे या अभ्यासाच्या प्रमुखांपैकी एक. नव्या गोळीच्या गटात ५५२ मृत्यू झाले, जुनीच्या गटात ४४२.

हा निकाल बहुतेकांना अनपेक्षित होता, आणि त्याहून विचार करावयास लावणारी गोष्ट अशी की, प्रारंभी या रुग्णांपैकी जेमतेम एक तृतीयांशांचाच आयएनआर योग्य मर्यादेत होता. म्हणजे हे युरोपातले काटेकोर रुग्ण नव्हते, आपलेच होते. अभ्यासाच्या काळात हे प्रमाण निम्म्याच्या पुढे गेले. जुनी गोळी का जिंकली, याची निश्चित उकल झालेली नाही. परंतु एक अनुमान असे मांडले गेले की, रक्त तपासण्याच्या निमित्ताने तो रुग्ण दर महिन्याला कोणाच्या तरी डोळ्यांखालून जात होता. सुजलेले पाय, वाढलेली धाप वेळेत दिसत होती. अनुमानच आहे, पण बत्तीस वर्षे या गावात रुग्ण पाहिल्यावर मला ते पटते. ज्या तपासणीला आपण कटकट म्हणतो, ती या गरीब रुग्णाची वैद्यकाशी असलेली एकमेव नियमित भेट आहे.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. सरकारी योजनांनी झडप बसविण्याचा खर्च उचलला, ही मोठीच गोष्ट झाली. त्रिवेंद्रमच्या श्रीचित्रा संस्थेत डॉ. वलियाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय झडप घडवून डिसेंबर १९९० मध्ये ती प्रथम रुग्णास बसविली, त्यामुळे परदेशी झडपेचा खर्च न परवडणाऱ्यांनाही झडप मिळू लागली. पण झडप हे काम एका दिवसाचे आणि आकडा हे काम जन्माचे. ते हैदराबाद करणार नाही आणि नागपूरही करणार नाही. ते आदिलाबादनेच करावयाचे आहे.

नेदरलँड्समध्ये १९४९ पासून यासाठी स्वतंत्र सेवा आहेत. रक्त त्या घेतात, मात्रा त्याच ठरवितात आणि दिवसागणिक गोळ्यांचा तक्ता रुग्णाच्या घरी पोहोचतो. तेवढे आपल्याकडून होणार नाही. पण आपल्या मंडळाची वर्षातून किती शिबिरे होतात? रक्तदाब आणि साखर मोजून, छायाचित्र वर्तमानपत्रात देऊन आपण घरी येतो. त्यांतले एक शिबिर कमी करावे आणि त्या खर्चात शहरातील प्रयोगशाळाचालकांना वर्षातून दोनदा एकत्र बसवावे. एकाच रुग्णाचा नमुना सर्वांनी तपासावा आणि आकडे एका फळ्यावर लिहावेत. कोणाला नावे ठेवण्यासाठी नव्हे. पहिल्या वेळी फळा पाहून सर्वांनाच घाम फुटेल, याची मला खात्री आहे. अहवालावर आयएसआय छापावा. ‘सामान्य मर्यादा’ या शब्दांच्या जागी ‘ही गोळी न घेणाऱ्यांसाठी’ असे छापावे, आणि त्याखाली उपचाराची मर्यादा डॉक्टरांनी लिहावी म्हणून मोकळी ओळ सोडावी. यासाठी पैसे लागत नाहीत. संगणकातील एक ओळ बदलावी लागते.

रुग्णाने शक्यतो एकाच प्रयोगशाळेत जावे आणि मात्रेचा निर्णय गावातल्या एका डॉक्टरने घ्यावा. वरच्या डॉक्टरांना दूरध्वनी करावा, पण सही आपली असावी. ही जबाबदारी घ्यायला आपण कचरतो, कारण रक्तस्राव झाला तर नाव आपले येते. गुठळीने गेलेला रुग्ण मात्र ‘हृदयविकाराने गेला’. हे मी स्वतःबद्दलही लिहितो आहे. गोळी रात्री घ्यावयास सांगावी म्हणजे सकाळी रक्त, दुपारी अहवाल आणि त्याच रात्री बदल होऊ शकतो. तपासणीचा दिवस आठवडी बाजाराचा ठेवावा. बाजाराला माणूस येतोच; कापूस वेचणीतही तेल-मीठ संपते.

मुलबाळ होण्याच्या वयातील स्त्रियांसाठी आणखी एक सूचना. गर्भाच्या पहिल्या तीन महिन्यांत या गोळीने बाळाच्या वाढीत दोष येऊ शकतात आणि गोळी एकाएकी थांबविल्यास आईची झडप अडते. दोन्हीकडून कडा. त्यामुळे पाळी चुकल्याबरोबर, गोळी स्वतः बंद न करता, तातडीने यावे, हे नवऱ्याला आणि सासूलाही सांगितले पाहिजे. आपण ते फक्त त्या मुलीला, तेही हलक्या आवाजात सांगतो आणि ती घरी कोणाशी बोलू शकत नाही.

मी एक लहानशी वही तयार केली आहे. मुखपृष्ठ लाल, खिशात मावेल एवढी. पहिल्या पानावर गोळीचे नाव आणि या रुग्णाचा आयएनआर किती ते किती असावा, हे मोठ्या अक्षरांत. त्याखाली ‘ही गोळी कोणाच्याही सांगण्यावरून परस्पर बंद करू नये’ आणि माझा दूरध्वनी क्रमांक. आतल्या पानांवर तारीख, आकडा, मात्रा, सही. मराठी मजकूर पूर्ण आहे. तेलुगू मजकूर मी केला आहे, पण माझे तेलुगू बाजारातले; तो एखाद्या सहव्यावसायिकाने तपासून द्यावा. उटनूर, नारनूर भागातील रुग्णांना गोंडीतून समजावून सांगेल असा कोणी परिचारक किंवा शिक्षक आपल्या ओळखीत असल्यास कळवावे. पहिल्या दोनशे प्रतींचा छपाईखर्च मी देत आहे. मंडळाच्या पुढील बैठकीस येताना आपल्याकडील अशा रुग्णांची संख्या मोजून आणावी. माझ्याकडे एकेचाळीस आहेत.